'कोणाचा तू?' : एका बेटावरील कुळांची स्मृती

माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत असताना मी एकदा नववीच्या मुलांना आपापल्या घराण्यातील पाच पिढ्यांची नावे लिहून आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ज्या घरांत सातबारा होता त्या घरांतील मुलांनी कागद भरून आणले. आमच्या वस्तीतील मुलांचे कागद आजोबापाशी थांबले. एकाने पणजोबाच्या रकान्यात 'नाव माहीत नाही, मुंबईला गिरणीत होता' एवढेच लिहिले होते. त्या रात्री मी स्वतः कागद घेऊन बसलो आणि पणजोबापाशी अडलो. पणजीचे नाव मला ठाऊक नव्हते. ते सांगू शकली असती अशी माझी आत्या दोन वर्षांपूर्वीच वारली होती.

ह्या गोष्टीनंतर काही वर्षांनी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवरच्या कुळांविषयी वाचताना मला एक प्रश्न भेटला. तेथील गेलिक भाषेत म्हातारी माणसे अनोळखी पोराला नाव विचारीत नाहीत. 'को लेश ऊ?' असे विचारतात. म्हणजे 'तू कोणाचा?' पोराने उत्तर द्यायचे ते बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या नावांची साखळी म्हणून. आपल्याकडेही परक्या गावात शिरले की 'कोणाचा रे तू?' असे विचारतात. पण आपल्याकडे त्या प्रश्नाचा हेतू जात काढण्याचा असतो, आणि जात कळली की पुढची नावे ऐकण्याची कोणाला गरज उरत नाही. त्या बेटांवर मात्र गरीब, जमिनीतून हाकलल्या गेलेल्या, शाळेत भाषेवरून मार खाल्लेल्या लोकांनी ह्याच प्रश्नाच्या उत्तरातून आपला इतिहास उभा केला. तो त्यांनी कसा केला आणि त्यात काय राहून गेले, हे मला ह्या लेखात मांडायचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या बेटांवर जातिव्यवस्था नव्हती. तेथील कुळाच्या सावलीचा विटाळ जमीनदाराला होत नव्हता. म्हणून त्यांचे दुःख आणि आपले दुःख एकाच तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही. मी पाहतो आहे ती त्यांची स्मृती जपण्याची रीत.

स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक समुद्रात लूइस, हॅरिस, नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्युला, साउथ यूइस्ट, बॅरा अशी बेटांची रांग आहे. तेथील वाडीत प्रत्येक कुटुंबाकडे थोड्या एकरांचा एक तुकडा असतो. त्याला 'क्रॉफ्ट' म्हणतात. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. वाडीच्या मागचे माळरान हे सर्वांचे सामाईक गायरान. जळणासाठी दलदलीतील 'पीट' नावाची माती कापून वाळवायची, बटाटे आणि थोडे ओट पिकवायचे, गाईगुरे उन्हाळ्यात दूरच्या कुरणांवर न्यायची. हे चित्र सनातन वाटते, परंतु ते तसे नाही. पूर्वी वाडीची जमीन सामाईक असे आणि तिचे पट्टे आळीपाळीने फिरत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जमीनदारांनी ती मोडून एकेका कुटुंबाचे तुकडे पाडले. इतिहासकार जेम्स हंटर ह्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, हे तुकडे मुद्दामच पोट भरणार नाही इतके लहान ठेवले होते. कारण जमीनदाराला शेतकरी नको होता, मजूर हवा होता. समुद्रातील शेवाळ गोळा करून, जाळून त्याची राख साबण आणि काच करणाऱ्या कारखान्यांना विकण्याच्या धंद्यात त्या काळी प्रचंड पैसा होता. मजूर परदेशी निघून जाऊ नयेत म्हणून १८०३ साली जहाजप्रवास महाग करणारा कायदाही झाला. प्रवाशांच्या आरोग्याची काळजी हे त्याचे वरचे कारण होते.

नेपोलियनची युद्धे १८१५ साली संपली आणि पुढच्या काही वर्षांत राखेचा भाव कोसळला. १८४६ साली बटाट्यावर रोग पडला आणि उपासमार सुरू झाली. काल ज्यांना जाऊ देत नव्हते तीच माणसे आता जमिनीवरचा भार ठरली. मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांना माणसांपेक्षा जास्त खंड मिळत होता. वाड्याच्या वाड्या रिकाम्या करण्यात आल्या. ह्या हाकलणीला इतिहासात 'हायलँड क्लिअरन्सेस' म्हणतात. साउथ यूइस्ट आणि बॅरा ही बेटे विकत घेतलेल्या गॉर्डन ऑफ क्लूनी ह्या जमीनदाराने १८५१ साली माणसांना बळजबरीने जहाजांवर चढवून कॅनडाला धाडले. हाच गॉर्डन वेस्ट इंडीजमधील टोबॅगो बेटावर गुलामांचा मालक होता. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली ती गुलामांना नव्हे, मालकांना, आणि ती घेणाऱ्यांत तोही होता.

लूइस बेटाची कथा तर थेट मुंबईपर्यंत येते. १८४४ साली जेम्स मॅथेसन ह्याने हे संपूर्ण बेट १ लाख ९० हजार पौंडांना विकत घेतले. हा पैसा अफूचा होता. मॅथेसन हा कँटनमधील 'जार्डिन, मॅथेसन' ह्या पेढीचा भागीदार. चीनमध्ये चोरून उतरविल्या जाणाऱ्या अफूपैकी माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजावर चढे, आणि ह्या पेढीचे मुंबईतील सर्वात मोठे व्यापारी सहकारी होते जमशेदजी जीजीभॉय. मुंबईत जे. जे. रुग्णालय उभे राहिले आणि लूइसच्या स्टॉर्नोवे बंदरावर मॅथेसनचा किल्लेवजा वाडा उभा राहिला. दोन्हींच्या पायाखाली एकाच व्यापाराचा पैसा आहे.

दुसरा धागा त्याहून जुना आहे. मॅथेसनच्या आधी लूइसचा मालक असलेल्या मॅकेन्झी ऑफ सीफोर्थ ह्याने १७९३ साली ७८वी हायलँड पलटण उभारली आणि तीत आपल्या कुळांची पोरे भरती केली. ती पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई येथे मराठ्यांविरुद्ध लढली. इतिहासाच्या पुस्तकांत असईची लढाई वेलस्लीची म्हणून येते. तिच्यात ज्यांची हाडे पडली ते गेलिक बोलणारे शिपाई, मद्रासचे देशी शिपाई आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजांतील शिपाई कोणत्या वाडीचे होते, कोणाचे होते, हे त्या पुस्तकांत नसते. लढाई त्यांची नव्हती. मेले मात्र ते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हाकलणीच्या नोंदी दोन प्रकारच्या आहेत. पहिली जमीनदाराच्या कारभाऱ्याची. तिकडे कारभाऱ्याला 'फॅक्टर' म्हणत. मॅथेसनचा कारभारी जॉन मन्‍रो मॅकेन्झी ह्याची १८५१ सालची रोजनिशी १९९४ साली पुस्तकरूपाने छापली गेली. तो वाडीवाडीतून फिरतो. कोणाची किती थकबाकी आहे, कोणत्या घरात काम करण्याजोगे हात किती, कोणाला कॅनडाला धाडावे, हे लिहून ठेवतो. तो क्रूर माणूस वाटत नाही. तो हिशेब करणारा माणूस आहे, आणि हीच त्या रोजनिशीतील भीषण गोष्ट आहे. १८५१ ते १८५५ ह्या काळात लूइसवरून दोन हजारांवर माणसे जहाजांनी गेली. रोजनिशीत ती माणसे थकबाकीच्या आकड्यांसारखी येतात आणि वजा होतात.

दुसरी नोंद लोकांच्या तोंडी होती. हिवाळ्याच्या लांब रात्री वाडीतील एका घरी माणसे जमत. त्या घराला 'केली'चे घर म्हणत. आपल्या जुन्या महारवाड्यातील तक्क्या डोळ्यांपुढे आणला म्हणजे त्याची कल्पना येईल. तेथे गोष्टी, गाणी आणि वंशावळी सांगितल्या जात. वंशावळ आणि जुन्या घटना तोंडपाठ असणाऱ्या माणसाला 'शेनाखी' म्हणत. कोणते घर कोणत्या साली पाडले, चूल कोणी विझवली, कोणता भाऊ जहाजावर चढला आणि कोणता मागे राहिला, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. त्या वेळी कोणालाही वाटले नसेल की आपण पुरावा गोळा करीत आहोत. परंतु तो पुरावाच होता.

त्याची पहिली मोठी कसोटी लागली १८७४ साली. लूइसला लागून असलेल्या बर्नेरा ह्या छोट्या बेटावरील कुळांची उन्हाळी कुरणे पलीकडच्या भूमीवर होती. ती काढून घेऊन कारभाऱ्याने त्यांना दुसरी, कमी जमीन दिली आणि तिच्या कडेने काही मैल लांबीचा दगडी बांध त्यांच्याकडूनच घालून घेतला. मग ती जमीनही सोडा, असा हुकूम काढला. हा कारभारी होता डोनल्ड मन्‍रो. तो जमीनदाराचा कारभारी तर होताच, शिवाय सरकारी फिर्यादी आणि कित्येक स्थानिक मंडळांचा प्रमुखही होता. तक्रार करायची ती त्याच्याकडेच! लोकांनी नकार दिला. पन्नासहून अधिक कुळांना बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. नोटिसा घेऊन आलेल्या अंमलदारावर पोरांनी ढेकळे फेकली, दुसऱ्या दिवशी काही तरुणांनी त्याला अडवले, झटापटीत त्याचा कोट फाटला. तिघांवर खटला भरला गेला. शंभराहून अधिक बर्नेराकर पुढे वाजंत्री घालून मॅथेसनच्या वाड्यावर चालून गेले. जुलै १८७४ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा चार्ल्स इन्स ह्या वकिलाने आरोपींचा बचाव केला, परंतु खरी उलटतपासणी केली ती कारभाऱ्याच्या कारभाराची. वर्षानुवर्षे केलीच्या घरात बोलले जाणारे प्रथमच न्यायालयात बोलले गेले. एवढ्या कुटुंबांची बेदखली आपण मालकाला न विचारता काढली, हे मन्‍रोला कबूल करावे लागले. तिघेही निर्दोष सुटले. मन्‍रोचे कारभारीपण पुढे गेले. आणि खटल्याचा वृत्तांत त्याच वर्षी पुस्तिका म्हणून छापला गेला. जिंकलेली गोष्ट त्यांनी तोंडी राहू दिली नाही, हे मला त्या विजयाइतकेच महत्त्वाचे वाटते.

त्यानंतर आठ वर्षांनी, एप्रिल १८८२ मध्ये, स्काय बेटावरील ब्रेज येथे ग्लासगोहून आणलेल्या पन्नासएक पोलिसांशी गावकऱ्यांची झुंज झाली. तीत दगड घेऊन पुढे बायका होत्या. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते, आणि १८७२ साली लॉर्ड मेयोच्या खुनानंतर काही काळ हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉयही होते. सभासदांत स्वतः जमीनदार असलेली माणसे होती. लोकांनी त्यांच्याकडून फारशी आशा धरली नव्हती.

८ मे १८८३ रोजी ब्रेज येथे पहिली बैठक भरली. पहिला साक्षीदार अँगस स्ट्यूअर्ट. तो दुभाष्यामार्फत गेलिकमध्ये बोलला. आपण खरे सांगितले तर आपल्याला जमिनीतून काढणार नाहीत, अशी हमी त्याने साक्षीआधी मागितली. आयोगाने अशी हमी देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे सांगितले. अखेर तिथेच बसलेल्या कारभाऱ्याकडून ती वदवून घ्यावी लागली. मग तो माणूस बोलला. मला वाटते, दलित चळवळीत काम केलेल्या कोणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची तोच समोर बसलेला, त्याच्याच जमिनीवर आपले घर, आणि साहेब म्हणतो, निर्भयपणे बोला!

तरी लोक बोलले. आयोगाने ६१ ठिकाणी बैठका घेतल्या, ७७५ माणसांच्या साक्षी घेतल्या, ४६ हजारांवर प्रश्न विचारले. साउथ यूइस्टच्या एका कुळाने ३२ वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेले सांगितले : बंदरात कॅनडाचे जहाज उभे होते, एका माणसाला त्यावर चढवण्यासाठी पोलीस त्याचा पाठलाग करीत होता, आणि दुसरा एक माणूस पोलिसाच्या नजरेतून सुटण्यासाठी छोट्याशा बेटावर तोंड खाली करून पडून राहिला होता. कोणत्याही कारभाऱ्याच्या रोजनिशीत तोंड खाली करून पडलेला हा माणूस सापडणार नाही. वाडीवाडीने आपापले निवेदन तयार करून आणले होते. त्यात पूर्वी कुरण कुठवर होते, ते कोणत्या साली गेले, खंड किती वेळा वाढला, हे क्रमाने मांडलेले होते. आठवण ही वैयक्तिक हळहळ राहिली नव्हती. ती तारीखवार तक्रार झाली होती.

ह्या साक्षींच्या आणि सुरू असलेल्या लढ्याच्या दडपणाखाली १८८६ साली कायदा झाला. क्रॉफ्टवरील कुळाला जमिनीवरून काढता येणार नाही, खंड न्याय्य असावा, कुळाने केलेल्या सुधारणांची भरपाई मिळावी आणि कुळवहिवाट वारसांकडे जावी, हे हक्क त्यात मिळाले. पण कायदा जमीन असलेल्यांचा होता. क्रॉफ्टही नसलेल्या, दुसऱ्याच्या तुकड्याच्या कडेला झोपडी घालून राहणाऱ्या भूमिहीनांना तिकडे 'कॉटर' म्हणत. त्यांच्या हाती काहीच आले नाही. म्हणूनच १८८७ साली लूइसच्या पार्क भागातील हरणांच्या शिकारीच्या राखीव रानात भूमिहीन घुसले, आणि १९०८ साली व्हॅटरसे बेटावर जमीन घेऊन बसलेल्यांना तुरुंगात जावे लागले. ज्याच्याकडे आधीच क्रमांक आहे त्याला कायदा पटकन दिसतो. ज्याला क्रमांक नाही त्याला दिसण्यासाठी तुरुंगात जावे लागते.

जमिनीनंतर भाषा. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता. शाळेत गेलिक बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात काठी अडकवण्याची शिक्षा असे, आणि दिवसभर ती काठी एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात फिरे. ज्याच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके होते त्याला ह्या काठीचे वजन कळेल. मुलाला आपल्या आजीच्या भाषेची लाज वाटू लागली की आजीची स्मृती तिच्याबरोबरच जाते. त्यासाठी वेगळी जाळपोळ करावी लागत नाही.

ही स्मृती टिकली ती मुख्यतः बायकांच्या गळ्यात. आयोगापुढे बायका जवळजवळ बोलल्याच नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावले नाही. परंतु ओले लोकरी कापड फळीवर आपटून घट्ट करताना त्या जी गाणी म्हणत त्यांत बुडालेले भाऊ, परदेशी गेलेले प्रियकर, सोडलेली गावे सारे काही होते. आपल्या जात्यावरच्या ओव्यांशी त्यांचे नाते सहज लक्षात येते. स्काय बेटाची मेरी मॅकफर्सन ही अशीच एक कवयित्री. मोलमजुरीची कामे करणारी ही विधवा १८७२ साली चोरीच्या आरोपावरून तुरुंगात गेली. ह्या अपमानातून तिची कविता सुरू झाली आणि पुढे ती जमीन चळवळीच्या सभांतून गाऊ लागली. तिला वाचता येत असे, लिहिता येत नसे. १८९१ साली तिचा संग्रह निघाला तो तिच्या तोंडून हजारो ओळी उतरवून घेऊन.

संघटित जतनाचे काम मात्र उशिरा सुरू झाले. १९५१ साली एडिंबरो विद्यापीठात स्कॉटिश अभ्यासाची संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संग्राहक कॅलम मॅकलीन हे रासे बेटावरच्या गेलिक घरातील. ते ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन वाडीवाडीतून हिंडले. ते विद्वानांकडे गेले नाहीत. गवंडी, रस्त्यावरचे मजूर, कुळे ह्यांच्या चुलीपाशी बसले. साउथ यूइस्टचे अँगस मॅकलेलन ह्यांनी तरुणपणी शेतगडी म्हणून चाकरी केली होती. त्यांनी आपले आयुष्य जॉन लॉर्न कॅम्बेल ह्यांच्या यंत्रासमोर गेलिकमध्ये सांगितले आणि १९६२ साली त्याचे इंग्रजी पुस्तक झाले. ह्या साऱ्या मुद्रणांपैकी हजारो मुद्रणे २०१० पासून 'टोबर अन डुअलखिश' ह्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. टोबर म्हणजे विहीर. वारशाची विहीर. मी ती मुद्रणे ऐकली. भाषा कळली नाही. म्हातारीचा खोकला, मागे चुलीवर ठेवलेल्या भांड्याचा आवाज आणि आठवण येत नाही म्हणून घेतलेला श्वास मात्र कळला.

परंतु विद्यापीठ ते विद्यापीठच. फिती एडिंबरोला गेल्या, वाडीत काय उरले? ह्या प्रश्नाचे उत्तर १९७७ साली लूइसच्या उत्तर टोकावरील नेस भागाने दिले. तेथील लोकांनी आपली स्वतःची इतिहास मंडळी काढली. पुढे बेटाबेटांवर अशा मंडळ्या निघाल्या. त्यांची पद्धत अगदी साधी आहे. वाडी घ्यायची. क्रमांक एकच्या क्रॉफ्टपासून सुरुवात करायची. त्या तुकड्यावर प्रथम कोण आले, कोठून हाकलले गेल्यामुळे आले, कोणाचे लग्न कोणाशी झाले, मुले किती, कोण कॅनडाला गेले, कोण समुद्रात बुडाले, कोण युद्धात मेले, सध्या कोण राहते, हे सारे लिहायचे. म्हाताऱ्यांच्या सांगण्याची जनगणनेच्या कागदाशी, चर्चच्या नोंदीशी, खंडाच्या वहीशी ताडणी करायची. मग क्रमांक दोन. शेतातील खडकांची, ओढ्यांची, पडक्या गोठ्यांची गेलिक नावे नकाशावर घालायची. घरोघरच्या पेट्यांतील छायाचित्रे मागून घ्यायची, त्यांतील माणसे ओळखणारे कोणी जिवंत आहे तोवर नावे लिहून घ्यायची. हॅरिस बेटावर बिल लॉसन ह्यांनी वाडीवाडीच्या अशा क्रॉफ्टवार नोंदी छापल्या. नेसच्या मंडळीचा संग्रह आता क्रॉस गावच्या जुन्या शाळेत आहे. सरकारी शाळेने जी भाषा खाली मान घालायला लावली, तिच्याच नोंदी आता शाळेच्या खोल्यांतून ठेवलेल्या आहेत.

ह्या कामाचे फळ केवळ भावनिक नाही. २००३ च्या स्कॉटलंडमधील जमीन सुधारणा कायद्याने गावांना आपली जमीन सामुदायिकरीत्या विकत घेण्याचा मार्ग खुला केला. ज्या साउथ यूइस्टवरून १८५१ साली माणसे पाठलाग करून पकडली गेली, तेथील सुमारे ९३ हजार एकरांची जमीनदारी २००६ साली तेथील लोकांच्या संस्थेच्या मालकीची झाली. आपण येथे कोणत्या तुकड्यावर होतो आणि कसे हाकलले गेलो हे ज्यांना सांगता येते, त्यांना जमीन मागताना भीक मागावी लागत नाही.

एवढे सांगून थांबलो तर लेख गोड होईल आणि खोटा होईल. म्हणून त्या स्मृतीतील मौनाविषयीही बोलले पाहिजे.

एक मौन दुःखाचे आहे. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे महायुद्धातून परतणारे खलाशी घेऊन येणारी 'आयोलेर' ही बोट स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी खडकावर फुटली. घराचे दिवे दिसत असताना २०१ माणसे बुडाली. त्या घटनेविषयी बेटावरच्या घराघरांतून कित्येक दशके कोणी बोलत नसे. विधवांनी मुलांना सांगितले नाही, वाचलेल्यांनी बायकांना सांगितले नाही. असे मौन फोडण्याची घाई करू नये. पण ते सदैव तसेच ठेवले तर सांगणारे मरून जातात.

दुसरे मौन सोयीचे आहे. क्रॉफ्टच्या क्रमांकाने इतिहास लिहिला की क्रमांक नसलेला गळतो. कॉटर गळतो. त्याहूनही बाहेरचा होता तो भटका, कथिलाची भांडी करणारा. वाडीने त्याच्याकडून भांडी घेतली, गोष्टी ऐकल्या आणि त्याला वेशीबाहेर पाल ठोकायला लावले. हॅमिश हेंडरसन ह्यांनी १९५०च्या दशकात सदरलँडमध्ये अशाच एका भटक्या घराण्यातील आंधळ्या अली स्ट्यूअर्टच्या तोंडून गेलिक कथांचे भांडार मुद्रित केले. ज्याला गावाने जागा दिली नाही, त्यानेच गावाची भाषा सांभाळली होती. ह्या भटक्यांना विसाव्या शतकात बळेच स्थिर करण्याचे जे प्रयोग झाले, त्यांबद्दल स्कॉटलंडच्या सरकारने २०२५ साली माफी मागितली.

तिसरे मौन अपराधाचे आहे. हाकलले गेलेले सारेच परदेशी जाऊन निष्पाप राहिले नाहीत. स्काय बेटाचा अँगस मॅकमिलन ऑस्ट्रेलियात गेला आणि गिप्सलँडच्या मूळ रहिवाशांच्या कत्तलींशी त्याचे नाव जोडले गेले. १८४३ ची वॉरिगल क्रीकची कत्तल त्यांपैकी एक. शोषित होता म्हणून माणूस शोषक होत नाही, असा नियम नाही. आपले दुःख जपताना आपल्या हातून झालेले दुःख जो वगळतो, तो स्मृती जपत नाही, तो केवळ वकिली करतो.

२०२२ च्या जनगणनेत ह्या पश्चिम बेटांवर गेलिक बोलणारे निम्म्याच्याही खाली आले. म्हणजे इतके सारे करूनही भाषा घसरतेच आहे. जतन म्हणजे विजय नव्हे. पण १९७७ साली त्या नेसकरांनी वही उघडली नसती, तर आज काय गेले हेही सांगता आले नसते.

आपल्याकडे १९७८ साली 'बलुतं' आले आणि दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याला हादरा दिला. १९८९ साली मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार ह्यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना घरी जाऊन भेटून, बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. म्हणजे वाट आपल्यालाही अपरिचित नाही. पण एकेका व्यक्तीचे आत्मकथन आले, वस्तीचे आत्मकथन अजून यायचे आहे. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, वतनाची जमीन कोणाची होती, ती कशी गेली, कोण कोणत्या सालच्या मोर्चात होते, कोण कामठीला, कोण मुंबईला गेले, कोणत्या विहिरीवर काय झाले. आणि त्याच वहीत हेही, की आमच्या वस्तीने आपल्याहून खालचे कोणाला मानले, बायकांना काय दिले, पाल ठोकलेल्यांना कुठे बसवले.

ह्यासाठी अनुदान लागत नाही. एक वही लागते, खिशातला मोबाइल लागतो, आणि म्हाताऱ्या माणसापाशी तासभर गप्प बसण्याची तयारी लागते. शिक्षकांनी हे वर्गात सुरू करावे, विद्यार्थ्यांनी सुट्टीत करावे, कार्यकर्त्यांनी मोर्चातून परतल्यावर करावे. मी सुरुवात केली आहे. आमच्या वस्तीत अठ्ठेचाळीस घरे आहेत, अकरा लिहून झाली. नवव्या घरातील नव्वदीच्या म्हातारीने मला ओसरीवर बसवून विचारले, "कोणाचा रं तू?" मी बापाचे नाव सांगितले, आज्याचे सांगितले. ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "म्हंजे तू सगुणेचा पणतू."

माझ्या पणजीचे नाव सगुणा होते. मी ते वहीत लिहिले.